चार सेकंदांपेक्षा जास्त शांतता

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मी आणि माझी सासू एकमेकींशी बोलायला लागलो, आणि त्या बोलण्याचे आम्हाला पैसे मिळायचे. त्याआधी फुकटात आम्ही फारसं बोललो नव्हतो. भांडण होतं असंही नाही. भांडायलाही चार शब्द लागतात. आमच्यात "चहा ठेवू का", "दळण आलं का", "पोरीची वेणी झाली का" एवढे प्रश्न होते आणि उत्तर बहुतेक मान हलवून मिळायचं.

आमचं गाव सालेकसाच्या पुढे, रुळाला लागून. नवऱ्याचं रस्त्यावर किराणा दुकान, घरामागे धानाच्या पाच बांध्या, म्हणजे भातखाचरं. मी गोंदिया शहरातली. शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, अशी वाढलेली. डी.एड. करून लग्न झालं आणि मग शिक्षक भरतीची वाट बघत बसले. आमच्या डी.एड.च्या मैत्रिणींचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. त्या ग्रुपवर दरवर्षी भरतीची बातमी यायची, भरती यायची नाही. एक दिवस तिथेच एकीनं लिंक टाकली, 'घरबसल्या मोबाईलवर काम, आधी पैसे भरायचे नाहीत.' आधी पैसे भरायचे नाहीत हे वाचून मी ती उघडली. फसवणारा माणूस पहिल्याच ओळीत इतका कंजूसपणा करत नाही, असा माझा हिशोब होता.

पहिलं काम चित्रांचं होतं. कुठल्या तरी परदेशी रस्त्यांचे फोटो यायचे आणि त्यातल्या वस्तूंभोवती बोटानं चौकोन काढायचा. वाहतुकीचे दिवे, पट्ट्या मारलेला रस्ता, बस थांबा. आमच्या गावात दिवा म्हणाल तर रेल्वे फाटकाचा, आणि तो लाल असला तरी लोक खालून वाकून जातात. त्या फोटोंत रस्त्याच्या कडेला एक बुटकी, लाल, लोखंडी वस्तू उभी असायची. ती आग विझवायच्या पाण्याची तोटी असते हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी शेकडो तोट्यांना टपालपेटी ठरवून मोकळी झाले होते. पुढेमागे एखादी आपोआप चालणारी गाडी तोटीपाशी थांबून पत्र टाकायला लागली, तर त्यात थोडा हात माझा आहे.

मग वाक्यं वाचायचं काम आलं. स्क्रीनवर एक वाक्य यायचं आणि ते सांगितलेल्या भावनेनं म्हणायचं. 'जवळच्या कॉफी शॉपचा रस्ता दाखव.' आनंदाने. घाईत. रागाने. नियम असा की आवाज घुमता कामा नये, खोली लहान हवी, आत मऊ सामान हवं. अशी खोली आमच्याकडे एकच, धानाच्या पोत्यांची. छतापर्यंत पोती, कोपऱ्यात वाळवलेल्या मोहफुलांचं पिंप. तिथे मी पंखा बंद करून, दार लावून, घामाच्या धारांत उभी राहून रागारागानं कॉफी शॉप विचारायची. एकदा दुकानातून नवरा धावत आला. "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, कॉफी पाहिजे." तो गेला आणि संध्याकाळी दुकानातली कॉफीची दोन रुपयांची पुडी आणून ठेवली. त्याच्या परीनं त्यानं प्रश्न सोडवला.

माझी अर्धी वाक्यं परत यायची. शेरा असायचा, 'उच्चार प्रादेशिक.' मी आरशासमोर न आणि ण वेगळे करायचा सराव केला. पोरीचं तिसरीचं मराठीचं पुस्तक घेऊन बातम्या देणाऱ्या बाईसारखं वाचायची. सासू एकदा दारातून म्हणाली, "पोट्टीची परीक्षा आहे, का तुझी?" अकरा वर्षांत तिनं मला विचारलेला तो सगळ्यात लांब प्रश्न होता.

त्यानंतर संभाषणाचं काम निघालं. दोन माणसांनी दिलेल्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं. एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचं नाही, एकाचं संपल्यावर दुसऱ्यानं. दोघांनी साधारण सारखं बोलायचं. कुणाचं नाव, गाव, नंबर सांगायचा नाही. आणि मध्ये चार सेकंदांपेक्षा जास्त शांतता नको.

मी साहजिकच नवऱ्याला बसवलं. विषय होता 'आजचा दिवस कसा गेला'. मी बोलले, तो "हं" म्हणाला. मी अजून बोलले, तो "बघू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी शेरा आला, 'दुसरा वक्ता संभाषणात पुरेसा भाग घेत नाही.' हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण आजवर कुणी लेखी दिलं नव्हतं. मी तो शेरा त्याला दाखवला. तो म्हणाला, "हं."

कामाच्या सूचनांत शेवटी एक ओळ होती. एक वक्ता साठ वर्षांच्या वरचा असेल तर दीडपट मोबदला. म्हणजे माझ्या सरावानं घासलेल्या, ण आणि न वेगळे केलेल्या आवाजापेक्षा सासूचा आवाज महाग होता. दोन दिवस मी ही गोष्ट मनाला लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मोह वेचून आल्यावर ती ओसरीत टोपली पालथी करत होती, तेव्हा जाऊन विचारलं.

"आई, माझ्यासोबत बोलाल का?"

तिनं टोपली खाली ठेवली. "काय झाला? माहेरी जाऊन रायली का?"

मी सगळं समजावलं. मोबाईलसमोर बसायचं, बोलायचं, तो आवाज पाठवायचा, पैसे येतात.

"माझा आवाज घेऊन काय करतीन थे?"

"मशीनला बोलायला शिकवतील."

"मशीनले माझ्यावानी बोलाचा आहे? कायले? कोनाच्या घरी नांदाले पाठवाची आहे का तिले?"

सुरुवातीला संमतीचा एक मजकूर वाचून दाखवावा लागतो. तुमचा आवाज जगात कुठेही, कितीही काळ, कशासाठीही वापरला जाऊ शकतो, तुम्हाला मान्य आहे का. मी तो सावकाश वाचला. सासूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या लग्नात भटजी असाच काही बोलला होता. दाब बटन."

नावं घ्यायची नाहीत हा नियम सांगितला तेव्हा मात्र तिला कामाबद्दल आदर वाटायला लागला. तिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, तरी रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती शेजारणीला सांगायला लावते. "बरा नियम आहे," म्हणाली. "शिकलेली मानसं दिसतात."

आम्ही दुपारी बसायचो. पोरगी शाळेत, नवरा दुकानात, गाव जेवून आडवं झालेलं. दोन पोत्यांवर दोघी समोरासमोर, मध्ये उलट्या डब्यावर मोबाईल. आमचे गुडघे एकमेकांना लागायचे, दुसरी जागाच नव्हती. गाडीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये चालत नाही. मला गाडी फाटकाशी आल्यावर ऐकू यायची. सासू त्याच्या कितीतरी आधी हात वर करायची. "थांब. मालगाडी येऊन रायली." खरंच यायची. डबे जाईपर्यंत आम्ही गप्प बसायचो आणि घाम पुसायचो.

पहिला विषय होता 'तुमचे आवडते पर्यटनस्थळ'. मी आधी बोलले. लग्नानंतर एकदा नवेगाव बांधचं तळं बघायला गेलो होतो, ते नाव न घेता सांगितलं. मोठं तळं, बोट, हवा, वगैरे. बातम्यांसारखं सांगितलं. मग मी विचारलं, "आई, तुम्हाला कोणतं ठिकाण आवडतं?"

"दवाखाना," सासू म्हणाली.

मी खाणाखुणा करून पर्यटनस्थळ, पर्यटनस्थळ असं ओठांनी सांगितलं.

"तेच सांगून रायली ना. डोऱ्याचा ऑपरेशन झाला तवा तीन दिवस होती मी. पलंग होता. खिडकीजवळचा. सकारी एक पोट्टी कपभर च्या घेऊन ये. आंघोळीले गरम पानी. मी म्हटली, कोन तापवला? तर म्हने मशीननं तापते. कोनी म्हने नाही उठ, कोनी म्हने नाही चूल पेटव. डोऱ्यावर पट्टी होती, काही दिसे नाही, पन बरा वाटे. चवथ्या दिवशी डॉक्टर म्हनला, जा आता घरी. मी म्हटली, अजून एक दिवस ठेवा ना बापा, दुसऱ्या डोऱ्यानंही कमी दिसते."

दुसऱ्या दिवशी शेरा आला. 'उत्कृष्ट. पहिल्या वक्त्याचे बोलणे वाचून दाखवल्यासारखे वाटते. दुसरा वक्ता अतिशय नैसर्गिक.' मी तो सासूला वाचून दाखवताना पहिल्या वक्त्याचं वाक्य गाळलं.

ती या कामात रमली. रोज जेवण झालं की स्वतःच पंखा बंद करून यायची. आवडता पदार्थ, हरवलेली वस्तू, शेजारी, प्रवास. 'हॉटेलमध्ये आलेला वाईट अनुभव' या विषयावर तिनं एका लग्नातल्या पंगतीत आळणी वरण कसं आलं ते दहा मिनिटं सांगितलं, आणि मला त्या वरणाची आजही चव सांगता येईल. तिच्या लहानपणी तेंदूच्या दिवसांत विडीच्या पानांचे पुडे बांधायला आख्खं घर कसं जायचं, दहा वर्षांची असताना ती रुळाच्या कडेनं एकटीच मावशीच्या गावी कशी गेली, हे मला तेव्हा कळलं. आपण ज्या बाईच्या हातचं जेवतो ती एकदा रुळावरून पळालेली आहे, ही माहिती मला एका अॅपनं मिळवून दिली. दीडपट दरानं.

आणि मग तो विषय आला. 'तुम्ही कधी बोललेले एखादे खोटे.'

मी वाचून दाखवला. सासूनं विचार करायला वेळ घेतला नाही. "सुरू कर," म्हणाली. पहिली तीच बोलली.

"तू बाळंतपनाले माहेरी गेली होती तवाची गोठ आहे. आपल्या गावच्या अंगनवाडीची जागा निंगाली होती. पंचायतीतला मानूस फॉर्म घेऊन आला. म्हने, तुमची सून शिकली आहे, भरून द्या, तिलेच भेटन, गावात दुसरी कोनी इतकी शिकली नाही. मी म्हटली, नाही बापा, तिले नाही कराची नोकरी. तिची तब्येत बरी नाही रायत. असा मी खोटा बोलली. कायले? तर रोवन्याले, धान लावाले, मानसं भेटत नाहीत. ही गेली अंगनवाडीत तर बांधीत कोन उतरन? तो फॉर्म ठेवून गेला, म्हने विचार करा. मी काही चुलीत नाही टाकली. कागद चांगला होता, जाड. तिखटाच्या डब्याखाली अंथरली."

एवढं बोलून तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्यात ती खूण ठरली होती. माझं झालं, आता तू बोल.

मोबाईलवर बोलणं चालू असलं की एक हिरवी रेघ उड्या मारत असते. ती रेघ सपाट झालेली मला दिसत होती. ती जागा शेवटी शेजारच्या गल्लीतल्या सुनेला मिळाली होती. बारावी पास. माझी पोरगी तिच्याच अंगणवाडीत तीन वर्षं गेली. सकाळी मी पोरीला तिच्या हातात द्यायची आणि तिला म्हणायची, "तुमचं बरं आहे बाई." ती जागा माझ्यासाठी चालत घरापर्यंत आली होती, आमच्या ओसरीत बसून गेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. तो तिखटाचा डबा मी रोज उचलायची.

"बोल ना वो," सासू कुजबुजली.

मी काहीतरी बोलले. खोटं बोलू नये, अशा अर्थाचं. तिसरीच्या पुस्तकातलं असावं. दहा मिनिटं भरली, मी बटण दाबून आवाज पाठवून दिला. का पाठवला, आज सांगता येणार नाही. अर्ध्या तासाची मेहनत होती, एवढंच कारण असेल. मग स्वयंपाकघरात जाऊन डबा उचलला. खाली कागद होता. तेल आणि तिखट पिऊन तो फळीला चिकटला होता. सुरीनं सोडवला. 'अर्जदाराचे नाव' एवढं वाचता येत होतं. त्यापुढची रेघ कोरी.

मी तो परत डब्याखाली घातला. फळी खराब झाली असती.

दुसऱ्या दिवशी शेरा आला. 'संभाषण नैसर्गिक व चांगले. परंतु तिसऱ्या मिनिटाला चार सेकंदांपेक्षा जास्त शांतता. कृपया पुन्हा रेकॉर्ड करा.' मी मोजून बघितली. एकोणीस सेकंद होती. आठ वर्षांच्या मानानं मला ती कमीच वाटली, पण नियम म्हणजे नियम.

दोन दिवस मी पोत्यांच्या खोलीत गेले नाही. परत चहा ठेवू का, दळण आलं का यावर आलो. मी तिच्या चहात साखर कमी घालायला लागले. तिनं काही न बोलता तो प्यायला, त्यामुळे माझा सूड तिच्यापर्यंत पोचला की नाही हेही कळेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आज बोलाचा नाही का?"

"मागचं परत आलं."

"काऊन?"

"मी गप्प बसले म्हणून."

"मंग तू काऊन गप बसली? मी तर बराबर बोलली."

मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच विचारत होती. माझ्या चुकीनं तिचं काम बाद झालं होतं, आणि ती ते पोटात घालून समजुतीनं घेत होती.

"आई, तुम्ही मला हे आधी कधी का नाही सांगितलं?"

"तू कवा विचारली?" ती म्हणाली. आणि वर, "आता त्या मोबाईलनं विचारला तर सांगितली."

आम्ही परत बसलो. तोच विषय, तीच पोती. सासूनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि पहिल्यापेक्षा फार चांगलं सांगितलं. आता त्यात तो माणूस दोन कप चहा प्यायला, त्याच्या पिशवीचा बंद बकरीनं खाल्ला, आणि तो जाताना सासूच्या पायात गोळा आला. पहिल्या वेळी हे काहीच नव्हतं. पहिल्या वेळी ती मला सांगत होती, या वेळी मशीनला शिकवत होती. शेवटी तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि मोबाईलकडे बोट दाखवून डोळे वटारले. चार सेकंद.

मी मनात एक, दोन मोजलं, आणि तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"मीसुद्धा खोटं बोलले आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. रोवणा तोंडावर आला होता. मी गोंदियाला माहेरी जाऊन आले आणि घरी सांगितलं की डॉक्टरनं चिखलाच्या पाण्यात पाय घालायला मना केलं आहे, चामडीचा त्रास आहे. मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नव्हते. बहिणीसोबत बाजारात गेले होते. पाणीपुरी खाल्ली आणि आले. तेव्हापासून मी बांधीत उतरलेच नाही."

"मालूम होता," सासू म्हणाली.

"कसं काय?"

"डॉक्टरकडं गेलेला मानूस चिठ्ठी घेऊन येते. तू नव्या बांगड्या घालून आली."

"मग तुम्ही काही बोलला का नाही?"

"काय बोलाचा? नवी नवरी. मी म्हटली, यंदा नाही उतरत तर पुढच्या साली उतरन. पुढच्या साली म्हटली, लेकरू झाल्यावर उतरन." मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. बोटांवर काही जुळवल्यासारखं करून ती म्हणाली, "थांब. म्हंजे मी तुले रोवन्यासाठी नोकरी नाही करू दिली. अन तू रोवन्यात उतरलीच नाही."

"हो."

"मंग हे सगरा कायले केला आपन?"

आधी कोण हसलं मला आठवत नाही. रेकॉर्डिंगवरूनही कळत नाही, दोघींचा आवाज एकावर एक चढलेला आहे. एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचं नाही हा नियम मोडला होता. हसण्याबद्दल त्यांच्या सूचनांत काही लिहिलेलं नव्हतं. शेरा आला, 'उत्तम. अशी आणखी संभाषणे पाठवावीत.'

अशी आणखी आमच्याकडे नव्हती.

राग गेला का, असं माझी बहीण विचारते. गेला नाही. साखर मी आणखी आठवडाभर कमीच घातली. फरक एवढाच पडला की आता तो राग कशाचा आहे ते मला माहीत होतं, आणि अर्धा माझ्या बांगड्यांकडे वळवावा लागत होता, त्यामुळे त्याला पहिल्यासारखा जोर राहिला नाही. त्या संभाषणाच्या पैशांत अर्धा किलो तूरडाळ आली. ती आम्ही सगळ्यांनी खाल्ली. नवरा म्हणाला, "डाळ चांगली आहे." त्याच्यासाठी हे भाषण होतं.

पाऊस लागायच्या आधी संभाषणाचं काम बंद झालं. 'पुरेसा डेटा प्राप्त झाला आहे,' असा निरोप आला. सासूला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "माझ्याजवर अजून लय आहे," म्हणाली. चार-पाच दिवस ती जेवण झाल्यावर सवयीनं पंखा बंद करायची.

त्या वर्षी मी रोवण्याला उतरले. कुणी सांगितलं नव्हतं. साडी खोचली, धानाच्या रोपांचे परे हातात घेतले आणि बायकांच्या रांगेत वाकून उभी राहिले. तासाभरात माझी रांग बाकीच्यांच्या रांगेत घुसली. सासूनं कंबर सरळ करून माझ्या बाजूला बघितलं, मग बांधीकडे, मग परत माझ्याकडे. "जाय बाई," म्हणाली, "सगऱ्यांसाठी च्या घेऊन ये." बायका हसल्या. मी चहा आणला. म्हणजे सासूनं मला अंगणवाडीत जाऊ दिलं असतं तरी धानाचं काही अडलं नसतं, हेही त्या दिवशी चिखलात उभ्या उभ्या नक्की झालं.

भादव्यात मला वरचं काम मिळालं. आता मी इतरांची संभाषणं ऐकते आणि पास किंवा नापास करते. गोंगाट आहे का, एकमेकांवर बोलले का, शांतता किती. तीन चौकटी आहेत. मध्ये मध्ये ते मुद्दाम परीक्षेची रेकॉर्डिंगं घालतात, त्यात चूक झाली तर काम जातं. म्हणून मी कडक आहे. सासू जवळ बसून काही ना काही निवडत असते. दुसऱ्यांचं बोलणं कुणाला ऐकवायचं नाही असा नियम आहे, पण ती ऐकत नाही असं धरून मी स्पीकर लावते.

मागच्या महिन्यात एक रेकॉर्डिंग आलं. नवरा-बायको असावेत, बोली आमच्याकडचीच, बहुधा बालाघाटच्या बाजूची. विषय 'आवडता सण'. बायको बोलत होती, तिच्या आईच्या घरी पोळ्याला काय काय करायचे ते. मग बोलणं थांबलं. रेघ सपाट झाली. पाच, सहा, सात.

सासूनं सुपातले खडे वेचायचं थांबवलं. "रडून रायली थे," म्हणाली.

मी आवाज वाढवला. मला काही ऐकू आलं नाही. मागाहून नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू, "असू दे, असू दे," आणि बायको परत पुरणाबद्दल बोलायला लागली. मी चौकटी वरून खाली बघितल्या. रडण्याची चौकट नव्हती. 'चार सेकंदांपेक्षा जास्त शांतता' ही होती. मी त्या चौकटीवर खूण केली आणि पुन्हा रेकॉर्ड करा असं कळवलं.

"कापली का तू?" सासूनं विचारलं.

"नियम आहे आई."

"हं," ती म्हणाली. मग सूप परत हलवायला लागली.

पुढचं रेकॉर्डिंग दोन पोरींचं होतं, भाताची खीर कशी करायची यावर. एक म्हणाली, आधी गूळ घालायचा. सासूनं तिथल्या तिथे सांगितलं की ही पोट्टी खोटी बोलते, गूळ आधी घातला की दूध फाटते, नापास कर तिले. मी म्हटलं, चुकीच्या खिरीची चौकट नाही. पोरी न थांबता बोलत होत्या, मागे कुठे कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मी त्यांना पास केलं.